पाणी येतं तेव्हा घरी कोण असतं?

(युवक-युवतींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आजच्या विषयाचं नाव कार्यक्रमपत्रिकेत 'आपत्ती निवारणात गावाचा सहभाग' असं छापलं आहे. शब्द जड आहेत. मी त्याऐवजी तुमच्यापुढे एक साधा प्रश्न ठेवतो. गावात पाणी शिरतं, डोंगर खचतो, वादळ येतं, तेव्हा घरी कोण असतं?

तुमच्यातले बरेच जण रायगड-रत्नागिरीचे आहेत. खाडीकाठच्या आपल्या मुस्लिम गावांचं चित्र तुम्हाला सांगायला नको. कमावते पुरुष मुंबईला, नाहीतर दुबई, कुवेत, सौदीला. गावात उरतात त्या आई, आजी, सून, लेकरं आणि म्हातारी माणसं. म्हणजे संकटाला पहिलं तोंड देतात त्या बहुतेक बायका. आणि जमातीच्या बैठकीत त्यांच्यापैकी किती जणी बसतात? उत्तर तुम्हीच द्या.

हा प्रश्न एका शेजारी देशाने फार मोठी किंमत मोजून सोडवला आहे. १२ नोव्हेंबर १९७० ला तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, भोला चक्रीवादळ आलं. किमान ३ लाख माणसं गेली. वादळ येतंय हे हवामान खात्याला कळलं होतं, पण खेड्यातल्या माणसापर्यंत ते समजेल अशा शब्दांत पोचलं नाही. त्यातून १९७२ मध्ये गावोगावच्या स्वयंसेवकांचा कार्यक्रम उभा राहिला. सरकार आणि रेड क्रेसेंट तो मिळून चालवतात. गावातलाच तरुण भोंगा घेऊन फिरतो, धोका वाढेल तसे एक, दोन, तीन झेंडे चढतात. गुरं सोडून माणसं घर सोडत नाहीत हे लक्षात आल्यावर गुरांसाठीही मातीचे उंच ओटे बांधले गेले.

तरीही २९ एप्रिल १९९१ च्या वादळात सुमारे १ लाख ४० हजार माणसं मेली. मेलेल्यांत स्त्रिया कितीतरी जास्त होत्या. अभ्यासकांनी नोंदवलं की २० ते ४४ वयोगटात हजारी १५ पुरुष मेले, तर ७१ स्त्रिया. का? घरातल्या पुरुषाला विचारल्याशिवाय बाहेर कसं पडायचं, परक्या पुरुषांच्या गर्दीत रात्र कशी काढायची, लेकरं कडेवर घेऊन कसं धावायचं, पोहता तर येतच नाही. पाण्याने स्त्री-पुरुष भेद केला नव्हता. तो आपण आधीच करून ठेवला होता.

बांगलादेशने यातून धडा घेतला. आज त्या कार्यक्रमात सुमारे ७६ हजार स्वयंसेवक आहेत आणि त्यातल्या निम्म्या स्त्रिया आहेत. दाराशी बाई येऊन "चल" म्हणते, तेव्हा घरातली बाई निघते. निवाऱ्यात स्त्रियांसाठी वेगळी खोली आणि संडास ही चैन नाही, जीव वाचवणारी व्यवस्था आहे. २००७ चं सिद्र वादळही भयंकर होतं. त्यात सुमारे ३,४०० माणसं गेली. आकडा लहान नाही, पण १९९१ च्या शेजारी ठेवून बघा.

आता आपल्याकडे या. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन, दापोलीकडच्या नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या केल्या. २२ जुलै २०२१ ला महाड आणि चिपळूण पाण्याखाली होतं, आणि त्याच दिवशी महाड तालुक्यात तळियेवर दरड कोसळून ८० हून अधिक माणसं गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी गाडली गेली. ही वाडी दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत नव्हती, हे सरकारनेच विधानसभेत सांगितलं.

यादीत नसलेल्या गावाने काय करायचं? डोळे उघडे ठेवायचे. उतारावर नवी भेग पडते, झाडं नि खांब कलतात, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ होतं, भलत्याच ठिकाणी पाणी फुटतं, घराची दारं अडकू लागतात. या खुणा सर्वांत आधी कुणाला दिसतात? पाण्याला, लाकडाला, गुरांमागे जाणाऱ्या बाईला. पण ती कुणाला सांगणार, आणि तिचं ऐकणार कोण? याचं उत्तर पावसाळ्याआधी ठरलेलं हवं.

२०२१ च्या पुरानंतर मी त्या भागात मदतीला होतो. चादरी, तांदूळ, औषधं घेऊन गाड्यांच्या रांगा लागल्या. आपल्या पोरांनी नाव-जात न विचारता घराघरातला चिखल उपसला. त्याचा मला अभिमान आहे. पण दोरखंड, टॉर्च आणि भोंग्यासाठी मे महिन्यात वर्गणी मागून बघा. खिशात हात जात नाही. आपल्याकडे संकटानंतरच्या दानाला पुण्य आहे, आधीच्या तयारीला नाही.

कुणी म्हणेल, अल्लाहची मर्जी. मग उंट आधी बांधून ठेवण्याची ती शिकवण आठवा. तुम्ही सगळ्यांनी ती लहानपणी ऐकली आहे. भरवसा आणि दोरी यांचं भांडण नाही.

तर या सुट्टीत गावी जाल तेव्हा चार कामं करा.

एक, घरोघर फिरून यादी करा : अंथरुणाला खिळलेले, गरोदर, एकटे राहणारे, अपंग. प्रत्येक नावापुढे त्यांना कोण हलवणार हे लिहा, आणि तो माणूस जुलैत गावात असेल याची खात्री करा.

दोन, नदीवरच्या पुलाच्या खांबाला रंगाच्या खुणा करा आणि वरच्या गावातल्या दोघांचे फोन घेऊन ठेवा. मुसळधार पाऊस आणि समुद्राची भरती एकाच वेळी आली की खाडीकाठी पाणी उतरायला जागा नसते, म्हणून भरतीचं वेळापत्रकही भिंतीवर हवं.

तीन, उंचावरची शाळा किंवा मदरसा ठरवा. किल्ली दोघांकडे द्या, त्यातली एक बाई असू दे. मशिदीच्या भोंग्यावरून इशारा द्या, पण तो बौद्धवाडी, कोळीवाडा, कातकरीवाडीपर्यंत पोचतो का ते चालत जाऊन तपासा. निवाराही सगळ्यांना खुला ठेवा.

चार, सरकारच्या 'आपदा मित्र' योजनेत स्वयंसेवकांना प्रशिक्षण दिलं गेलं. असं प्रशिक्षण आता कुणाला मिळू शकतं हे विचारा. जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करा, मुलींची नावंही द्या. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा १०७७ हा नंबर आजीलाही पाठ करून घ्या.

आणि गावाची आपत्ती समिती बनवाल तेव्हा निम्म्या बायका घ्या. उपकार म्हणून नको. पाणी येईल त्या रात्री गावात त्याच असणार आहेत, म्हणून.