खाते चालू ठेवायचे असेल तर
(मंडळाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एका सभासदाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला व्यासपीठावर बोलायची सवय नाही. बँकेत काउंटरच्या मागे बसून वीस-बावीस वर्षे काढली. तिथे आम्ही बोलतो कमी आणि मोजतो जास्त. ग्रंथालयातल्या येत्या कार्यक्रमांची माहिती सभेला देण्याचे काम चिटणीसांनी माझ्याकडे सोपवले. नुसती तारखांची यादी वाचून मी खाली बसू शकलो असतो. पण त्या यादीमागचे कारण सांगितल्याशिवाय ती वाचण्यात अर्थ नाही, म्हणून आपली पंधरा मिनिटे घेतो.

गेल्या हिवाळ्यात मी घराजवळच्या एका वाचनालयात गेलो होतो. मुलीला मराठी गोष्टींचे पुस्तक हवे होते. खरे सांगायचे तर तिला नको होते, मलाच तिच्यासाठी हवे होते. मराठी पुस्तकांचे कपाट कोपऱ्यात होते. एक पुस्तक काढून मी सवयीने आधी मागचे पान उघडले. तिथे तारखांचे शिक्के मारायची चिठ्ठी असते. शेवटचा शिक्का १९९८ सालचा होता. दुसरे पुस्तक काढले, तिथे २००१. तिसऱ्यावर एकही शिक्का नव्हता. माझा चेहरा पाहून तिथले भाई गुजरातीत म्हणाले, "साहेब, हे कपाट तुमच्या लोकांचे आहे. आम्ही झाडूनपुसून ठेवतो, पण तुमच्यातले कोणी येतच नाही."

त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागले.

बँकेत एक नियम आहे. एखाद्या बचत खात्यात दोन वर्षांहून अधिक काळ खातेदाराने काहीच व्यवहार केला नाही, तर ते खाते निष्क्रिय ठरते. दहा वर्षे कोणी फिरकले नाही, तर त्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार जागृती निधीकडे जाते. पैसे बुडत नाहीत, पण ते आपल्या शाखेच्या वहीत राहत नाहीत. त्या कपाटासमोर मला वाटले, हे आपले निष्क्रिय खातेच आहे.

आता ही ठेव कोणी ठेवली होती ते पाहू. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये सबंध बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. पण शाळेत शिकलेले पोर चार वर्षांत अक्षर विसरले तर शाळेचा खर्च वाया, हे त्यांनी ओळखले. म्हणून १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावले आणि त्यांच्या हातून गावोगाव मोफत ग्रंथालयांचे जाळे उभे केले. राजवाड्यातला आपला सुमारे २०,००० पुस्तकांचा संग्रह महाराजांनी मध्यवर्ती ग्रंथालयासाठी दिला. ज्या खेड्यात वाचनालय नव्हते तिथे लाकडी पेट्यांतून पुस्तके जात. मांडवीजवळची इमारत १९३१ ची. आपल्यापैकी अनेकांचे आजोबा-पणजोबा त्या जिन्यावरून चढले असतील.

यातली एक गोष्ट मला हिशेबनीस म्हणून फार आवडते. गावात वाचनालय काढायचे तर आधी गावकऱ्यांनी वर्गणी जमवायची. जेवढी ती जमेल तेवढीच रक्कम प्रांत पंचायत घालणार आणि तेवढीच सरकार घालणार. म्हणजे राजाने तिजोरी उघडली, पण पहिला रुपया लोकांकडून मागितला. गावाला गरज आहे की नाही, हे त्या पहिल्या रुपयावरून कळत असे.

आज तिजोरी राजाची नाही, लोकशाही सरकारची आहे. गुजरातमध्ये २००१ सालचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. कोलकात्याचे राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून राज्यांमधल्या ग्रंथालयांना पुस्तकांसाठी साहाय्य देत आले आहे. मार्ग आहेत. पण कोणत्या भाषेची किती पुस्तके घ्यायची हे ठरवणारा अधिकारी आपली भाषणे ऐकत नाही, तो देवघेवीची वही पाहतो. त्या वहीत आपण शून्य आहोत.

मंडळाच्या या पत्रात आपण मराठी शाळांविषयी लिहितो, भाषिक अल्पसंख्याकांच्या हक्कांविषयी लिहितो. ते लिहिलेच पाहिजे. घटनेच्या ३५०-अ कलमात प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याविषयी स्पष्ट सांगितले आहे. निवडणुकीच्या दिवसांत सगळ्या पक्षांचे उमेदवार दांडिया बाजारात आणि रावपुऱ्यात येऊन आपल्याशी दोन शब्द मराठीत बोलतात. आपण खूश होतो आणि निवेदन देतो. पण उद्या एखाद्या नगरसेवकाने उलट विचारले, "तुमच्या किती मुलांच्या नावावर मराठी पुस्तक आहे?", तर आपण काय उत्तर देणार? मी स्वतः काय उत्तर देणार? माझी मुलगी घरात आईशी मराठी बोलते, पण मराठी मजकूर अडखळत वाचते. आजीचे पत्र तिला मी वाचून दाखवतो. यात दोष शाळेचा नाही, सरकारचा नाही. माझा आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आपण पेढे वाटले, ते योग्यच केले. त्याआधी २०१८ मध्ये ९१ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्या शहरात झाले. १९०९, १९२१ आणि १९३४ नंतर हा मान पुन्हा मिळाला, तेव्हा मांडवात पुष्कळ गर्दी होती. मी स्वतः तिथे होतो. पण मांडव तीन दिवसांचा असतो. कपाट वर्षभर उभे असते.

म्हणून कार्यकारिणीने या वर्षी ठरवले आहे की मंडळाचे काही कार्यक्रम आपल्या सभागृहात न करता सार्वजनिक ग्रंथालयात करायचे. जागेसाठी मध्यवर्ती ग्रंथालयाकडे रीतसर अर्ज जाईल. तिथे जमले नाही तर दुसऱ्या वाचनालयाला विचारू. कार्यक्रम असे आहेत.

पहिला, १२ ऑगस्ट. ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांचा हा जन्मदिवस. त्या दिवशी भाषण नाही, हार-तुरे नाहीत. प्रत्येक कुटुंबाने निदान एकाचे सभासदत्व घ्यायचे आणि एक मराठी पुस्तक घरी न्यायचे. फॉर्म भरायला मी आणि आमच्या बँकेतले दोन सहकारी टेबल टाकून बसू. ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा बरोबर आणावा. ही सूचना करण्याची मला सवयच आहे.

दुसरा, १५ ऑक्टोबर, वाचन प्रेरणा दिन. डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस. त्या दिवशी मुलांनी मोठ्याने वाचायचे आणि आजी-आजोबांनी ऐकायचे. स्पर्धा नाही, क्रमांक नाही. जे मूल अडखळेल त्याला शेजारच्याने हळूच शब्द सांगायचा. माझी मुलगी वाचणार आहे. ती अडखळेल, हे आधीच सांगून ठेवतो.

तिसरा, १ डिसेंबर, काकासाहेब कालेलकर यांचा जन्मदिवस. मातृभाषा मराठी आणि लेखन गुजरातीत, असे की १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना गुजराती पुस्तकासाठी मिळाला. या संध्याकाळी गुजराती शेजाऱ्यांना आवर्जून आणावे. एकाच विषयावरचे दोन्ही भाषांतले उतारे वाचले जातील. आपण कोणाविरुद्ध उभे नाही, हे त्यातून आपोआप दिसेल. सयाजीरावांनी मराठी आणि गुजराती दोन्हींत पुस्तके काढून घेतली, त्यांनी एका भाषेचे दुसरीशी भांडण लावले नाही.

चौथा, २७ फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन. घराघरांतल्या ट्रंकांमध्ये जुनी पत्रे, वह्या, मोडीतले कागद पडून आहेत. ते एक दिवस ग्रंथालयात मांडायचे, आणि संध्याकाळी जो तो आपले कागद परत नेईल. पावती दिली जाईल. कृपया रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा आम्हाला दाखवा.

आणि शेवटी ११ मार्च, महाराजांचा जन्मदिवस. त्या दिवशी मी हिशेब सादर करीन. किती कुटुंबे सभासद झाली, वर्षात किती मराठी पुस्तके घरी गेली, किती परत आली. आकडा लहान असला तरी लपवणार नाही. तो आकडा घेऊन मग आपण ग्रंथालय खात्याकडे नव्या मराठी पुस्तकांची मागणी करू. तो आपला पहिला रुपया असेल.

काही वडीलधारे म्हणतील, आता मुले फोनवरच वाचतात, पुस्तकाचे काय एवढे? फोनवर वाचत असतील तर आनंदच आहे. पण फोनवरचे वाचन ग्रंथालयाच्या वहीत चढत नाही, आणि फोनवर शेजारच्या काकू शब्दही सांगत नाहीत.

मघाशी निष्क्रिय खात्याविषयी बोललो, त्यातला अर्धा नियम सांगायचा राहिला. दहा वर्षांनंतर रक्कम गेली तरी खातेदाराचा किंवा वारसाचा हक्क जात नाही. वारसाने स्वतः शाखेत यावे लागते, ओळख पटवावी लागते, सही करावी लागते. बँक त्याच्या घरी जात नाही. मी माझ्या काउंटरवर अशी खाती पुन्हा चालू झालेली पाहिली आहेत.

१२ ऑगस्टला टेबलावर मी वाट पाहीन. येताना मुलांना बरोबर आणा.

जय हिंद, जय महाराष्ट्र, जय गुजरात.