जखमेवर शेण नको

मंडळी, आमच्या डाव्या तळपायाला एक वण आहे. त्याची हकीकत ऐका.

आम्ही दहा वर्षांचे होतो. खळ्यावर धावताना गंजका खिळा पायात घुसला. डोळ्यांपुढं काजवे चमकले. आजीने खिळा उपटून जखमेवर शेण बांधले. तिची माया खरी, पण उपाय खोटा. वडिलांनी आम्हाला खांद्यावर घेतले आणि तीन कोसांवरचा दवाखाना गाठला. तिथे जखम धुतली, सुई टोचली. आम्ही वाचलो.

पुढे आम्ही मास्तर झालो. गावातल्या एका गड्याला विळा लागला. त्याने जखमेवर माती दाबली. आम्ही ते पाहिले, पण बोललो नाही. आठ दिवसांनी त्याची दातखीळ बसली. तो गेला. त्याचा मुलगा आमच्याच वर्गात होता. ती खंत अजून जात नाही.

धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात. म्हणून जखम साबणाने, वाहत्या पाण्याने धुवा. त्याच दिवशी दवाखान्यात जा. मुलांना १० व्या आणि १६ व्या वर्षी लस टोचून घ्या. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते.

आणि कोणी जखमेला माती लावताना दिसला, तर गप्प राहू नका. आम्ही राहिलो होतो.