कुणाचं मीठ?

(विद्यार्थी-युवक शिबिरातलं भाषण)



मी मॅट्रिक. गोदीत माल चढवतो-उतरवतो, रात्री जमलं तर कविता लिहितो. माझ्या पाठीवर आजवर गोण्या चढल्या, डिगरी चढली नाही. तेव्हा अमेरिकेतल्या काळ्यांच्या कॉलेजांवर हा काय बोलणार, असं कुणाच्या मनात आलं असेल तर येऊ दे. पण ती कॉलेजं ज्यांच्या घामावर उभी राहिली ते माझ्यासारखेच ओझी वाहणारे लोक होते. म्हणून बोलतो.

आपल्यातल्या स्कॉलरशिपवाल्या पोराला एक वाक्य जन्मभर ऐकावं लागतं. 'आमच्या पैशावर शिकलास, खाल्ल्या मिठाला जाग.' मास्तर म्हणतो, हापिसातला कारकून म्हणतो, लोकलमध्ये शेजारी बसलेला अनोळखी माणूससुद्धा म्हणतो. हेच वाक्य तिकडं काळ्यांच्या पोरांना दीडशे वर्षं ऐकवलं गेलं. त्यांनी त्याला काय जबाब दिला, तेवढंच आज सांगायचंय.

ही कॉलेजं म्हणजे १९६४ च्या आधी काळ्यांच्या शिक्षणासाठी निघालेली कॉलेजं. १९६५ च्या तिथल्या कायद्यानं त्यांना वेगळी ओळख दिली. आज ती शंभराच्या आसपास आहेत. पहिलं बी पेनसिल्व्हेनियात पडलं, १८३७ साली. रिचर्ड हम्फ्रीज नावाच्या क्वेकर पंथाच्या गोऱ्या माणसानं मृत्युपत्रात १०,००० डॉलर ठेवले होते, त्यातून. ते आजचं चेनी विद्यापीठ. बाकीची बहुतेक १८६५ नंतरची, म्हणजे गुलामी कायद्यानं संपल्यावरची. त्याआधी दक्षिणेतल्या बऱ्याच राज्यांत गुलामाला अक्षर शिकवणं हाच गुन्हा होता. हे ऐकून आपल्यापैकी कुणाला धक्का बसू नये. कानात शिसं ओतायची भाषा आपण ऐकलेली आहे.

मराठी घरांना यातलं एक नाव पाठ आहे, टस्कीगी. १९८१ साली वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' आलं आणि भुईमूगवाला साधासोशिक कार्व्हर वाचून मध्यमवर्गाचे डोळे पाणावले. पाणावू देत. माणूस मोठाच होता. पण टस्कीगीला पैसा कुठून यायचा आणि तो देताना देणाऱ्याच्या पोटात काय असायचं, हे विचारायला हवं.

१८८१ साली अलाबामा सरकारनं ही शाळा मंजूर केली ती वर्षाला २,००० डॉलरवर, तेही मास्तरांच्या पगारापुरते. जमीन नाही, इमारत नाही. बुकर टी. वॉशिंग्टन जन्मानं गुलाम. त्यांनी पोरांना घेऊन विटा पाडल्या, भिंती उभ्या केल्या. मग उत्तरेतल्या धनिकांची दारं पुजली. १९०३ साली पोलादवाल्या अँड्र्यू कार्नेगीनं ६ लाख डॉलर दिले. शेठ लोकांचा टस्कीगीवर एवढा जीव का? तिथं सुतारकाम, गवंडीकाम, शेती शिकवत. आणि मताच्या हक्काबद्दल वॉशिंग्टन जाहीर सभेत तोंड सांभाळून बोलत. त्याच वर्षांत दक्षिणेतली राज्यं एकामागून एक काळ्यांचं मत काढून घेत होती. हात शिकलेला आणि तोंड मिटलेला काळा माणूस दात्यांना परवडत होता.

आणि हेही लक्षात ठेवा. मताच्या हक्काच्या कोर्टकज्ज्यांना याच वॉशिंग्टननी आतून, गुपचूप पैसा पुरवला. म्हणजे शेठजींची मर्जी राखायची तर माणसाला आपलं चांगलं कामसुद्धा चोरासारखं करावं लागतं.

आता दुसरा माणूस. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस. फिस्क या काळ्यांच्या कॉलेजातून १८८८ साली बाहेर पडला, पुढं हार्वर्डला गेला. त्या काळात स्लेटर फंड नावाचा एक फंड होता. जॉन स्लेटर हा कनेटिकटमधला कापडगिरणीवाला. त्यानं १८८२ साली काळ्यांच्या शिक्षणासाठी १० लाख डॉलर दिले. फंडाचे प्रमुख होते अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष हेज. १८९० साली त्यांचं बोलणं पेपरात आलं. युरोपात पाठवण्याच्या लायकीचा काळा तरुण मिळाला तर पैसे देऊ, पण आजवर भेटले ते नुसते बोलणारे, असा त्याचा मतलब.

ड्यू बॉइसनी अर्ज ठोकला. हेजनी हात झटकले. मग या विशीतल्या पोरानं माजी राष्ट्राध्यक्षाला खरमरीत पत्र लिहिलं. लायक माणूस नाही म्हणून आमची साऱ्या जगात बदनामी केलीत, आता काळ्या लोकांची माफी मागा, असा त्याचा सूर. १८९२ साली फंडानं पैसे दिले. अर्धे बक्षीस, अर्धे कर्ज. पोरगा बर्लिनला गेला. पदवीसाठी आणखी मुदत हवी होती, ती फंडानं दिली नाही. परत येऊन १८९५ साली तो हार्वर्डचा पहिला काळा पीएच. डी. झाला. १९४६ साली आपल्या बाबासाहेबांनी पत्र लिहून काळ्यांनी युनोकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली ती याच ड्यू बॉइसकडून.

आता मीठ कुणाचं ते बघा. स्लेटरचा पैसा कापडाचा. कापड कापसाचं. आणि १८६५ पर्यंत अमेरिकेतला कापूस वेचायचे गुलाम, पाठीवर चाबूक खात. त्या कापसातून गिरणी झाली, गिरणीतून फंड झाला आणि फंडातून गुलामांच्या नातवंडांना अर्ध्या कर्जाची भीक निघाली. कुणाचं मीठ कुणी खाल्लं?

या कापसाचा एक धागा आपल्या मुंबईतही आलाय. १८६१ ते १८६५ तिकडं गुलामीवरून यादवी पेटली. अमेरिकेचा कापूस अडला, आणि विलायतेच्या गिरण्यांनी मुंबईच्या कापसावर उडी घेतली. इथले व्यापारी चार वर्षांत सोन्यानं मढले. त्यातले सर्वांत नावाजलेले प्रेमचंद रायचंद. त्यांच्या देणगीतून मुंबई विद्यापीठाची लायब्ररी आणि राजाबाई टॉवर उभा राहिला, १८७८ साली पुरा झाला. कलकत्ता विद्यापीठात त्यांच्या नावाची स्कॉलरशिप आहे. टॉवरवर त्यांच्या आईचं नाव आहे, चांगली गोष्ट. पण कापूस पिकवणाऱ्या कुणब्याचं, गाठी वाहणाऱ्या हमालाचं नाव कुठंय? मी गोदीवाला, मला हे विचारायचा हक्क आहे. गाठीखाली पाठ आमची असते, कोनशिलेवर नाव दुसऱ्याचं असतं.

फिस्कची गोष्ट अजून पुरी झाली नाही. १८६६ साली सुरू झालेलं हे कॉलेज पाच वर्षांत बुडायला आलं. तेव्हा १८७१ साली तिथल्या नऊ पोरापोरींनी गावोगाव गाऊन पैसा जमवायला सुरुवात केली. बहुतेक सगळी गुलामीत जन्मलेली. आईबापांची शेतातली गाणी ती गोऱ्यांच्या सभागृहांत गायली, पुढं विलायतेत राणीसमोर गायली. त्या पैशातून ज्युबिली हॉल बांधला. फिस्क वाचलं ते त्यांच्या गळ्यानं.

आणि पन्नास वर्षांनी त्याच फिस्कमध्ये काय झालं? मॅकेन्झी नावाचा गोरा अध्यक्ष होता. त्याला मोठ्या दात्यांकडून १० लाख डॉलरचा कायम निधी उभा करायचा होता. दाते खूश राहावेत म्हणून पोरांच्या तोंडाला कुलूप. विद्यार्थ्यांचं मासिक बंद, विद्यार्थी मंडळ नाही, कपड्यांवर नियम, पोरापोरींच्या बोलण्यावर नियम. १९२४ साली ड्यू बॉइस स्वतः फिस्कला गेले आणि तिथंच उभं राहून या कारभाराची सालं काढली. पुढच्या वर्षी पोरं उठली. अध्यक्षानं गोरे पोलीस बोलावले, पोरांना धरून नेलं. पोरांनी आठवडेच्या आठवडे वर्गांवर बहिष्कार टाकला. एप्रिल १९२५ मध्ये मॅकेन्झीला राजीनामा द्यावा लागला. दात्याच्या पैशावर चाललेलं कॉलेज, पण पोरांनी आपलं तोंड विकलं नाही.

दान म्हटलं की देणाऱ्याचंच नाव का दिसतं? सीअर्स कंपनीचे ज्युलियस रोझेनवाल्ड यांनी दक्षिणेत काळ्यांसाठी १९३२ पर्यंत ५,००० च्या वर शाळा उभ्या करायला मदत केली. त्यांनी सुमारे ४४ लाख डॉलर दिले. त्याच शाळांसाठी काळ्या खेडुतांनी किती दिले? सुमारे ४७ लाख. शेठपेक्षा जास्त. कर भरून वर आणखी हे. ती माणसं रोजगारी, वाट्यानं शेती करणारी. पण शाळांना नाव रोझेनवाल्डचं. तसे ते दात्यांत बरे. निम्मा भार तुम्ही उचला म्हणाले, आपलंच म्हणणं रेटलं नाही.

१९४४ साली टस्कीगीचेच अध्यक्ष फ्रेडरिक पॅटरसन यांनी २७ कॉलेजांना एकत्र आणून युनायटेड निग्रो कॉलेज फंड काढला. एकेकट्यानं शेठच्या ओट्यावर जाऊन उभं राहण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून मागायचं, आणि आपल्या लोकांकडूनही घ्यायचं. संघटना म्हणतात ती हीच.

आता ही कॉलेजं काय प्रसवली ते ऐका. थर्गुड मार्शल लिंकनमधून शिकला, मग हॉवर्डला वकिली. फीसाठी त्याच्या आईनं लग्नाची अंगठी गहाण टाकली. आपल्या आया मंगळसूत्र टाकतात, तशी. हॉवर्डमध्ये त्याचे गुरू चार्ल्स ह्यूस्टन. गुरुशिष्यांनी मिळून मेरीलँड विद्यापीठाचा लॉ कॉलेजचा दरवाजा १९३६ साली कोर्टातून उघडला, आणि १९५४ साली मार्शलनी शाळांतला वर्णभेद सर्वोच्च न्यायालयात आडवा केला.

१ फेब्रुवारी १९६०. ग्रीन्सबरोमधल्या काळ्यांच्या सरकारी कॉलेजातली पहिल्या वर्षाची चार पोरं गोऱ्यांच्या हॉटेल-काउंटरवर जाऊन बसली. कॉफी द्या म्हणाली. आपण महाडला पाणी मागितलं, त्यांनी कॉफी. त्याच महिन्यात अलाबामा स्टेट कॉलेजची पोरं बसली तेव्हा गव्हर्नरच्या दबावाखाली कॉलेजनं नऊजणांना काढून टाकलं. दोर फक्त शेठच्याच पैशाला असतो असं समजू नका, सरकारच्या पैशालाही असतो. पोरं कोर्टात गेली. १९६१ साली कोर्टानं सांगितलं, म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय सरकारी कॉलेज विद्यार्थ्याला हाकलू शकत नाही.

आजकालचं सांगतो. २०१९ साली रॉबर्ट स्मिथ या काळ्या अब्जाधीशानं मोअरहाउस कॉलेजच्या त्या वर्षीच्या सुमारे ४०० पदवीधरांचं कर्ज फेडलं, ३ कोटी ४० लाख डॉलर. पोरं रडली, नाचली. कर्ज काय असतं ते आपल्याला माहीत आहे, म्हणून मी हसणार नाही. पण पुढच्याच वर्षी याच स्मिथनी करचुकवेगिरी कबूल केली आणि १३ कोटी ९० लाख डॉलर भरायला तयार झाले. जो कर लोकांचा, तो दडवायचा, आणि दान आपल्या नावानं करायचं.

२०२० साली मॅकेन्झी स्कॉट बाईंनी वीसेक कॉलेजांना मिळून ५० कोटी डॉलरच्या वर दिले, कसलीही अट न घालता. चांगलं केलं. आता दुसरा आकडा ऐका. १८९० च्या कायद्यानं राज्यांनी काळ्यांच्या शेतकी कॉलेजांना न्याय्य वाटा द्यायचा होता. २०२३ साली अमेरिकन सरकारनं १६ राज्यांच्या गव्हर्नरांना पत्र लिहून कळवलं की फक्त १९८७ ते २०२० या काळात या कॉलेजांचा १,२०० कोटी डॉलरच्या वर वाटा मारला गेलाय. दान ५० कोटी, देणं १,२०० कोटी. दानाला टाळ्या पडतात. देण्याबद्दल कुणी घोषणा देतं का?

मेरीलँडच्या चार कॉलेजांच्या लोकांनी दिली. २००६ साली राज्यावर दावा लावला, पंधरा वर्षं चिवटपणे लढले, २०२१ साली ५७ कोटी ७० लाख डॉलरवर राज्याला यावं लागलं. म्हणजे वीसेक कॉलेजांना दानातून मिळालं, जवळपास तेवढंच चार कॉलेजांनी भांडून घेतलं.

आता आपलं. १९१३ साली बाबासाहेब बडोद्याच्या स्कॉलरशिपवर कोलंबियाला गेले, महिना साडेअकरा पौंड, परत आल्यावर दहा वर्षं नोकरीचा करार. सयाजीराव मोठ्या मनाचे राजे, त्यात वाद नाही. पण १९१७ साली बाबासाहेब करार पाळायला बडोद्यात गेले तर राहायला खोली मिळेना. राजाच्या दानाला जातीनं तिथंच तोंडघशी पाडलं. आणि बाबासाहेबांनी शिक्षणाचं ऋण फेडलं ते आपल्या समाजाला. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज.

हे सगळं आज का सांगतोय? आपल्या वस्तीतल्या पोरांना एका शेठजींनी स्कॉलरशिप देऊ केलीय. फॉर्मच्या तळाला एक ओळ आहे : लाभार्थी कोणत्याही आंदोलनात भाग घेणार नाही. काहीजण म्हणतात, फॉर्मच फाडा. फाडणं सोपं आहे, ज्याची फी भरलेली आहे त्याला. ज्या पोरीचं नाव फीपायी कॉलेजातून कटायला आलंय, तिला विचारा.

माझं म्हणणं असं. ती ओळ खोडा, मग सही करा. एकट्यानं नाही, सगळ्या पोरांनी एकाच दिवशी, एकत्र जाऊन. शेठ नाही म्हणाला तर तो काय विकत घ्यायला आला होता ते उघडं पडेल. आणि तोवर आपला फंड हवा. गोदीतले, मिलच्या जागी आलेल्या हापिसात वॉचमन असलेले, कुरिअरवाले, आपण कमावणारे महिन्याला एका दिवसाची मजुरी टाकू. हिशोब भिंतीवर लावू. देणाऱ्याचं नाव लावायचं नाही, सत्कार नाही, फोटो नाही. आणि सरकारकडे थकलेला हप्ता मागायचा तो हक्क म्हणून, हात जोडून नाही.

शेवटी त्या मिठाबद्दल. कुणी पुन्हा म्हणालं, खाल्ल्या मिठाला जाग, तर सांगा : जागतोय. ते मीठ माझ्या आईच्या घामाचं आहे, बापाच्या पाठीवर वाळलेलं आहे. त्यालाच जागतोय.

जयभीम.