किल्ली न देता वाटा देणे



एका संगणकाचे अनेक वाटेकरी असावेत, ही कल्पना नवी नाही. १९६१ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत फर्नांडो कोर्बाटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचे प्रात्यक्षिक दाखविले. यंत्राचा वेळ आळीपाळीने, पण इतक्या त्वरेने वाटला जाई की प्रत्येकास यंत्र आपल्या एकट्याचेच वाटावे. पुढे प्रत्येकाच्या फाइली सुरक्षित राहाव्यात म्हणून परवलीचे शब्दही आले.

त्याच दशकात तेथे एक विलक्षण प्रसंग घडला. एक व्यवस्थापक त्या दिवसाची सूचना लिहीत होता आणि दुसरा परवलीच्या शब्दांची यादी दुरुस्त करीत होता. दोघेही एकाच सामाईक जागेत काम करीत होते. तेथे एका वेळी एकच माणूस असेल, असे मात्र संपादनाच्या आज्ञावलीने गृहीत धरले होते. दोघांच्या कच्च्या प्रतींची अदलाबदल झाली आणि यंत्राशी संपर्क साधणाऱ्या प्रत्येकापुढे सूचनेऐवजी सर्वांचे परवलीचे शब्द उमटले!

आज ‘क्लाउड’ या नावाने ओळखली जाणारी व्यवस्था हे त्याच वाटपाचे विराट रूप होय. येथे एकच मोठी संस्था अनेक खाती बाळगते: हिशेबाचे एक, संशोधनाचे दुसरे, चाचण्यांचे तिसरे. एका खात्यातील चूक दुसऱ्यात पसरू नये, हा त्यामागील हेतू. खाते म्हणजे भिंत. परंतु एका खात्यातील माहिती दुसऱ्यास हवी असते आणि मग भिंतीला दार ठेवावेच लागते.

सोपा मार्ग म्हणजे कायमची किल्ली देऊन टाकणे. तोच सर्वांत घातक. किल्लीच्या नकला होतात. ती कोणी वापरली हे कळत नाही. एकाकडून ती काढून घ्यावी, तर सर्वांचेच काम अडते. शहाणा मालक किल्ली देत नाही, अनुमती देतो. कोणत्या खात्याने, कोणत्या वस्तूला, कोणत्या कामापुरता हात लावावा, हे तो लिहून ठेवतो. पलीकडचे खातेही आपल्यापैकी कोणास तेथे जाऊ द्यायचे ते ठरविते. दोन्हीकडची संमती जुळली की तासाभरात निरुपयोगी होणारा परवाना मिळतो आणि प्रवेशाची नोंद राहते.

एवढ्याने भागते काय? नॉर्म हार्डी यांनी १९८८ साली टाइमशेअर या कंपनीतील एक हकिगत प्रसिद्ध केली. तेथील एका कंपायलरला, स्वतःच्या वापराची आकडेवारी लिहिता यावी म्हणून, एका राखीव जागेत लिहिण्याचा अधिकार होता. बिलांची फाइलही तेथेच होती. एका ग्राहकाने आपला मजकूर लिहिण्यासाठी नेमके त्याच फाइलीचे नाव दिले. ग्राहकास तो अधिकार नव्हता, पण कंपायलरला होता. त्याने निमूटपणे आज्ञा पाळली आणि बिलांची माहिती नष्ट झाली. हार्डींनी अशा सेवकास ‘गोंधळलेला प्रतिनिधी’ म्हटले.

आज अनेक ग्राहकांची खाती सांभाळणाऱ्या कंपन्यांपुढे हाच धोका आहे. एका ग्राहकाने दुसऱ्याच्या दाराचा पत्ता आपला म्हणून दिला, तर? म्हणून अशी कंपनी प्रत्येक ग्राहकास वेगळा ओळखक्रमांक देते. दार ठोठावताना तिने तो सांगावा, अशी अट मालक आपल्या अनुमतीत घालतो. क्रमांक जुळला नाही, तर दार उघडत नाही.

तात्पर्य, दाराशी कोण आले आहे एवढेच विचारून चालत नाही. तो कोणाच्या वतीने आला आहे, हेही विचारावे लागते. विश्वासू सेवकाच्या हातूनही घर लुटले जाऊ शकते. म्हणून वाटा जरूर द्यावा. परंतु कामापुरता, वेळेपुरता आणि नावानिशी.