मध्य प्रदेशातील विद्यापीठे : स्थापना आणि शासन



ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांच्या पिढीला पदवी मिळवायची तर परीक्षा दूरच्या विद्यापीठाची द्यावी लागे. इंदूरचे होळकर महाविद्यालय 1891 चे. पण त्याच्या पदव्या आधी कलकत्त्याच्या, मग अलाहाबादच्या आणि 1927 नंतर आग्र्याच्या. संस्थानिकांनी महाविद्यालये उभारली, विद्यापीठ मात्र परक्या प्रांताचेच राहिले.

या प्रदेशातील पहिले विद्यापीठ दरबाराने काढले नाही, सरकारनेही नाही. ते एका वकिलाने काढले. डॉ. हरिसिंह गौर हे दिल्ली विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. पुढे नागपूर विद्यापीठाचेही कुलगुरुपद त्यांनी भूषविले. आयुष्यभराची कमाई ओतून त्यांनी 18 जुलै 1946 रोजी आपल्या जन्मगावी, सागरला, विद्यापीठ स्थापन केले. आरंभीचे वर्ग मकरोनियाच्या लष्करी बराकीत भरत. संस्थापक आणि पहिले कुलगुरू एकच असल्यामुळे सत्ता कोणाची हा प्रश्नच उद्भवला नाही. 1949 च्या डिसेंबरात ते निवर्तले, आणि मग तो उद्भवला.

1 नोव्हेंबर 1956 रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले व नागपूर आपल्या विद्यापीठासह मुंबई राज्यात गेले. त्याच वर्षी जबलपूर विद्यापीठ व खैरागढचे संगीत-कला विद्यापीठ निघाले. 1957 मध्ये उज्जैनचे विक्रम विद्यापीठ सुरू झाले. ग्वाल्हेर आणि इंदूर, दोन्ही त्याच्याच कक्षेत. मध्य भारताच्या दोन्ही राजधान्यांना बाजूला ठेवून उज्जैनची निवड झाली, हे आपल्यापैकी अनेकांच्या वडीलमंडळींना रुचले नव्हते. ही खंत 1964 मध्ये निवळली. त्या एकाच वर्षी ग्वाल्हेरला जिवाजी, इंदूरला इंदूर विद्यापीठ, रायपूरला रविशंकर आणि जबलपूरला कृषी विद्यापीठ उभे राहिले. त्या वेळचे मुख्यमंत्री पं. द्वारकाप्रसाद मिश्र स्वतः 1956 ते 1961 सागरचे कुलगुरू होते, हे येथे ध्यानी घेण्याजोगे आहे. पुढे 1968 मध्ये रीवा, 1970 मध्ये भोपाळ.

वाढ झाली, पण ती विषम झाली. इंदूर विद्यापीठाची कक्षा आरंभी इंदूर जिल्ह्यापुरतीच होती. संलग्न महाविद्यालये वाढत गेली तसतसे विद्यापीठाचे बळ परीक्षा घेण्यात व गुणपत्रिका वाटण्यात खर्ची पडू लागले. संशोधनाला उरेल तेवढे उरले.

आरंभी प्रत्येक विद्यापीठाचा कायदा निराळा होता. 1973 च्या अधिनियमाने बहुतेकांना एकाच चौकटीत आणले : राज्यपाल हे कुलाधिपती, खाली सभा, कार्यपरिषद आणि विद्यापरिषद. कुलगुरूंची निवड तीन सदस्यांच्या समितीने सुचविलेल्या नावांतून व्हावयाची. एक सदस्य कार्यपरिषदेने निवडलेला, एक विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अध्यक्षांचा, एक कुलाधिपतींचा. रचना समतोल दिसते. परंतु याच अधिनियमात कलम 52 आहे. कारभार बिघडला असे राज्य शासनाला वाटले, तर अधिसूचना काढून कुलगुरूंसह या साऱ्या संस्था पदच्युत करता येतात. 2019 मध्ये प्रवेश परीक्षेतील गोंधळानंतर इंदूरच्या विद्यापीठावर हे कलम लागू झाले. गोंधळ खरा होता; विद्यार्थ्यांचे हाल झाले, हेही खरे. तरी बिघाड झाला की नाही हे जो ठरवितो, तोच शिक्षाही देतो, ही व्यवस्था मला निर्दोष वाटत नाही. प्राध्यापकांच्या रिक्त जागा भरण्यासाठी असे तातडीचे कलम कोणी केलेले नाही.

जाता जाता शब्दांची एक गंमत सांगतो. मराठीत कुलपती म्हणजे राज्यपाल. येथील हिंदीत मात्र कुलपती म्हणजे आपले कुलगुरू. महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्यांचा त्यामुळे हमखास घोटाळा होई. 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हे पदनाम बदलून ‘कुलगुरू’ केले. आपला शब्द तेवढा आला. कलम 52 जेथे होते तेथेच राहिले. सागरचे विद्यापीठ 2009 मध्ये केंद्रीय झाले आणि त्या कलमाच्या कक्षेबाहेर गेले.