मशिदीची वास्तू आणि तिचे समाजकार्य
(केंद्रसंमेलनातील भाषण)



माझ्या अध्यापनाच्या आरंभीच्या काळात चौथीच्या एका विद्यार्थ्याने मला विचारले, "गुरुजी, मशिदीत मूर्ती नसते, मग आत असते तरी काय?" मी उत्तर टाळले. मशीद शाळेच्या वाटेवरच होती. परंतु तिच्याविषयी मलाच काही ठाऊक नव्हते. शिक्षक गप्प राहिला की मूल स्वतःच तर्क बांधते आणि अशा तर्कांतूनच गैरसमज रुजतात. त्या राहिलेल्या उत्तराची भरपाई म्हणून आज चार शब्द आपणांपुढे मांडतो.

'मशीद' हा शब्द अरबी 'मस्जिद' यावरून आला. सिजदा करण्याचे, म्हणजे ईश्वरापुढे मस्तक टेकण्याचे स्थान, असा त्याचा अर्थ. नमाज कोणत्याही स्वच्छ जागी पढता येते; मग वास्तू कशासाठी? ती आहे एकत्र येण्यासाठी. इ. स. ६२२ मध्ये पैगंबर मुहंमद मदिनेस आल्यानंतर जी मशीद उभी राहिली, तिच्या भिंती कच्च्या विटांच्या, खांब खजुरीच्या खोडांचे आणि छप्पर झावळ्यांचे होते. तीस ना घुमट होता, ना मिनार. तेथे प्रार्थना होई, तंटे मिटविले जात, बाहेरगावची शिष्टमंडळे भेटीस येत; आणि 'सुफ्फा' नावाच्या छपराखाली निराश्रित अनुयायी राहत व शिक्षण घेत. प्रार्थनामंदिर, न्यायसभा, धर्मशाळा आणि पाठशाळा ही चारही कार्ये त्या एका छपराखाली चालत.

पुढे वास्तू वाढली, ती याच गरजांतून. मक्केची दिशा म्हणजे किब्ला. ती दाखविणारा भिंतीतील कोनाडा म्हणजे मिहराब. शुक्रवारचे प्रवचन सर्वांस ऐकू जावे म्हणून पायऱ्यांचे मिंबर, हाक दूर पोहोचावी म्हणून मिनार आणि नमाजीपूर्वी हातपाय धुण्यासाठी हौद. नमाजी खांद्यास खांदा लावून ओळीने उभे राहतात, म्हणून दालन बहुधा रुंद असते.

सोलापूरकरांना जवळचे उदाहरण विजापूरचे, म्हणजे आजच्या कर्नाटकातील विजयपुराचे. पहिल्या अली आदिलशहाच्या काळात, सोळाव्या शतकात, आरंभिलेल्या तेथील जामा मशिदीच्या जमिनीवर प्रत्येक नमाज्यासाठी एकेक चौकट आखलेली आहे. अशा सुमारे २,२५० चौकटी असून त्या सर्व सारख्या मापाच्या आहेत. गुलबर्ग्याची १३६७ सालची मशीद याहून निराळी. तिला नेहमीचे उघडे अंगणच नाही. सारी वास्तू घुमटांनी आच्छादलेली आहे. यावरून दिसते की रूप बदलले तरी प्रयोजन बदलत नाही. विद्यादानाची परंपराही अशीच टिकली. कैरो येथील अल-अझहर ही मशीद ९७२ मध्ये प्रार्थनेसाठी खुली झाली आणि थोड्याच वर्षांत तेथे अध्यापन सुरू झाले; आज तिच्या नावाने मोठे विद्यापीठ आहे.

या विषयातून भूगोलाचा एक सुंदर पाठही निघतो. मुसलमान पश्चिमेकडे तोंड करूनच नमाज पढतात, असे आपल्याकडे अनेकांस वाटते. मुलांपुढे नकाशा ठेवा. मक्का आपल्या पश्चिमेस, म्हणून येथील मिहराब पश्चिमेच्या भिंतीत. मदिनेत तो दक्षिणेस आणि कैरोत आग्नेयेस. दिशा मक्केची, पश्चिमेची नव्हे, हे मुले स्वतःच शोधून काढतील.

शक्य असेल तेथे व्यवस्थापकांची अनुमती घेऊन, नमाजीची वेळ टाळून मुलांना आपल्या गावची मशीद दाखवावी. पादत्राणे बाहेर ठेवावीत, हौद, मिहराब व मिंबर शांतपणे पाहावेत आणि तेथील वडीलधाऱ्यांनाच चार गोष्टी सांगावयास विनवावे. वर्गातील मुसलमान विद्यार्थ्यास त्या दिवशी आपले काही सर्वांपुढे मांडल्याचा आनंद होईल. इतरांस आपल्या सोबत्याची ओळख पटेल.

त्या मुलास आज मी सांगेन, "बाळ, आत मोकळी जागा असते. सर्वांनी एका ओळीत उभे राहावे म्हणून ती मोकळी ठेवलेली असते." हे उत्तर आपण आपापल्या वर्गांत वेळेवर द्यावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.