हजेरीपटाचे वाचन : नोकरी सांभाळून विदा-विश्लेषण शिकणारा शिक्षक



शहादे तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या म्हसावद परिसरातील प्राथमिक शिक्षकाचा दिवस हजेरीने सुरू होतो. सकाळचा आकडा प्रथम हजेरीपटात पडतो, मग पोषण आहाराच्या नोंदवहीत, पुढे केंद्राकडे जाणाऱ्या तक्त्यात आणि शेवटी संगणकावरील माहितीत. इतके आकडे नित्य लिहिणारा लोकसेवक विरळाच. तथापि लिहून झालेला आकडा पुन्हा नीट वाचून पाहण्याची सवड त्यास क्वचितच लाभते. या वाचनाच्या शास्त्रास आज ‘डेटा ॲनालिटिक्स’ अथवा विदा-विश्लेषण म्हणतात. सरकारी नोकरी सांभाळून त्याचा अभ्यास करणे शिक्षकास शक्य आहे काय, आणि त्यापासून शाळेस काय लाभ होईल, हा प्रस्तुत भाषणाचा विषय होय.

प्रथम एक साधे उदाहरण घ्यावे. वर्गात ३० मुले आहेत आणि महिन्यात शाळा २५ दिवस भरली. सर्व मुले रोज आली असती तर एकूण उपस्थिती ७५० झाली असती. प्रत्यक्षात ती ६०० भरली. म्हणजे सरासरी उपस्थिती ८० टक्के. तक्त्यात हा आकडा बरा दिसतो. परंतु त्याचे दोन अर्थ संभवतात. प्रत्येक मूल महिन्यातून ५ दिवस घरी राहिले असेल, किंवा २४ मुले रोज आली असतील आणि ६ मुले एकही दिवस आली नसतील. सरासरी दोन्हीकडे एकच. दुखणे मात्र अगदी निराळे. नंदुरबार जिल्ह्यातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातकडे जातात, हे येथील प्रत्येक शिक्षकास ठाऊक आहे. दुसऱ्या प्रकारची ती ६ मुले बहुधा त्याच वाटेने गेलेली असतात. मुलेनिहाय नोंदी मांडून पाहिल्या तरच ती दिसतात. केवळ टक्केवारी पाहणाऱ्यास ती दिसत नाहीत.

हीच गोष्ट लहान शाळांची. पाड्यावरील वर्गात ५ मुले असतील, तर एक मूल वाचू लागताच प्रगतीचा टक्का २० ने चढतो आणि एक मूल गावी गेले की तितकाच उतरतो. अशा टक्क्यांवरून मोठ्या शाळेशी तुलना करणे व्यर्थ होय. कोणता आकडा किती विश्वासाचा, हे ओळखणे हाच या विद्येचा पहिला पाठ आहे.

नोकरी करता करता ही विद्या आत्मसात करणारा पुरुष आपल्या देशात पूर्वी होऊन गेला आहे. प्रशांतचंद्र महालनोबीस हे कलकत्त्याच्या सरकारी प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवीत. १९१५ मध्ये इंग्लंडहून परतताना त्यांनी सांख्यिकीविषयक एका नियतकालिकाचे अंक बरोबर आणले आणि अध्यापन सांभाळून त्यांचे वाचन चालविले. १९२२ मध्ये उत्तर बंगालात पूर आला, तेव्हा पाणी अडविण्यासाठी खर्चिक जलाशयांची योजना पुढे आली होती. महालनोबीसांनी सुमारे ५० वर्षांच्या पर्जन्यनोंदी तपासून दाखविले की, अशा जलाशयांचा फारसा उपयोग होणार नाही. पाण्याचा निचरा त्वरेने होणे हीच खरी गरज आहे. त्या नोंदी दप्तरात आधीपासूनच होत्या. त्या वाचणारा मात्र हवा होता. पुढे १९३१ मध्ये त्यांनी भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली.

आज अभ्यासाची साधने घरपोच आहेत. नाशिक येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नोकरदारांना दूरशिक्षण देत आहे. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या व्यासपीठावर २०१७ पासून सांख्यिकीचे पाठ विनामूल्य पाहता येतात. प्रमाणपत्राच्या परीक्षेस तेवढे शुल्क पडते. मद्रासच्या आय. आय. टी.ने २०२० मध्ये विदाशास्त्राचा ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू केला. त्यास जेईई लागत नाही. ४ आठवड्यांचे पाठ पुरे करून पात्रता परीक्षा द्यावी लागते. गणित, सांख्यिकी, इंग्रजी आणि पायथन ही संगणकभाषा हा त्याचा पाया होय. अभ्यासक्रम टप्प्याटप्प्यांचा असल्याने मध्येच थांबणाऱ्यासही केलेल्या अभ्यासाचे प्रमाणपत्र मिळू शकते.

तथापि वाट सोपी आहे असे समजू नये. बहुतेक पाठ इंग्रजीत असतात, डोंगराकडील गावी इंटरनेटची रेंज बेभरवशाची असते, आणि परीक्षेसाठी शहरातील केंद्रावर जावे लागते. निवडणुकीचे वा जनगणनेचे काम आले की आठवडेच्या आठवडे वाया जातात. म्हणून नोकरदाराने एका सत्रात एक-दोनच विषय घ्यावेत. प्रवेशापूर्वी कार्यालयाची लेखी परवानगी घ्यावी आणि शाळेची वेळ अभ्यासासाठी कधीही खर्चू नये. रात्रीच्या अभ्यासामुळे सकाळी वर्गात डोळा लागत असेल, तर त्या अभ्यासाचे मोल मुलेच देत आहेत असे समजावे.

आणखी एक पथ्य आहे. सरावासाठी मुलांची नावे, आधार क्रमांक वा आजारपणाच्या नोंदी बाहेरच्या संगणकावर चढवू नयेत. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणासाठी २०२३ मध्ये संसदेने कायदा केलाच आहे. पण कायदा नसता तरी पालकाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट जपणे हा शिक्षकाचा धर्मच होता.

पदवी मिळाली म्हणजे पदोन्नती मिळेलच असे नाही, आणि केवळ त्या आशेने अभ्यास आरंभणारा बहुधा अर्ध्यावरच थकतो. ज्यास आपल्याच हजेरीपटातील ती ६ मुले शोधावयाची आहेत, त्याचा अभ्यास टिकतो. गेल्या ३ वर्षांचे हजेरीपट जुळवून कोणत्या घरची मुले कोणत्या आठवड्यात जातात हे त्याने दिवाळीपूर्वीच काढले, तर पालकांस वेळीच भेटता येते, हंगामी वसतिगृहाची मागणी आधी करता येते, आणि जाणाऱ्या मुलाच्या हाती शिक्षण हमी पत्रक देता येते. बैलगाडी वा ट्रक निघून गेल्यावर हे काहीच करता येत नाही. यंदाचा दिवाळीपूर्वीचा एक रविवार प्रत्येक शाळेने या कामी दिला, तरी अभ्यासाचा आरंभ झाला असे म्हणता येईल.